दिल्लीचे गणिती मास्तर रामचंद्र

गणित हा विषय शहरातल्या मोठमोठ्या पाठशाळांनाच शोभतो, अशी समजूत आपल्या खेड्यापाड्यांत पुष्कळ आढळते. मुलाला बाजारातला हिशेब जमला, सातबाऱ्यावरचे आकडे वाचता आले, म्हणजे झाले. पुढचे बीजगणित, भूमिती व कलनशास्त्र त्याच्या काय कामाचे, असे आईबाप म्हणतात. मूलही त्या शास्त्रांची नुसती नावे ऐकूनच बुजते. अशा सर्वांनी दिल्लीचे मास्तर रामचंद्र यांचे चरित्र अवश्य वाचावे. घरी संपत्ती नाही, हाताशी पुरेशी पुस्तके नाहीत, शिकवणारा गुरू नाही, अशा स्थितीत या गृहस्थांनी गणिताच्या एका कठीण घाटावर नवी पायवाट पाडली. आणि ती स्वतःच्या कीर्तीकरिता नव्हे, तर आपल्या देशबांधवांना तो घाट चढता यावा म्हणून.

रामचंद्र यांचा जन्म सन १८२१ मध्ये पानिपत येथे झाला. मराठी वाचकांना ते नाव दुसऱ्या एका दुःखद कारणाने चांगलेच परिचित आहे. त्यांचे वडील सुंदरलाल हे दिल्लीचे राहणारे, ज्ञातीने कायस्थ असून वसुली खात्यात नोकरीस होते. रामचंद्र सुमारे दहा वर्षांचे असताना वडील वारले. पदरी सहा मुलगे आणि कर्ता पुरुष गेलेला, अशा अवस्थेत त्या विधवा मातेने मोठ्या धैर्याने संसार चालविला. काही काळ खासगी शाळांत शिकल्यावर रामचंद्र दिल्लीच्या सरकारी इंग्रजी शाळेत जाऊ लागले. त्या शाळेत प्रत्येक विद्यार्थ्याला दरमहा दोन रुपये मिळत, आणि वरच्या वर्गांत पाच रुपयांची शिष्यवृत्ती असे. ज्या घरात एकेका रुपयाची विवंचना, त्या घराला हाही मोठाच आधार होता.

शाळेत त्यांनी सहा वर्षे काढली. तेथे गणिताकडे विशेष लक्ष दिले जात नसे. परंतु शाळा सोडण्याच्या सुमारास त्यांना या विषयाची गोडी लागली, आणि जी पुस्तके मिळतील ती मिळवून ते घरीच त्यांचा अभ्यास करू लागले. पुढे पोटासाठी त्यांनी दोन-तीन वर्षे कारकुनी केली. दिवसा दफ्तरातली नक्कल आणि फावल्या वेळी समीकरणे, असा क्रम त्यांनी चालविला. सन १८४१ मध्ये विद्याखात्यात फेरबदल होऊन त्या शाळेला कॉलेजचे स्वरूप आले, तेव्हा रामचंद्र परीक्षेला बसले आणि दरमहा तीस रुपयांची वरच्या दर्जाची शिष्यवृत्ती त्यांनी मिळविली. सन १८४४ मध्ये त्याच दिल्ली कॉलेजच्या पौर्वात्य शाखेत युरोपीय शास्त्रे देशी भाषेतून शिकविण्यासाठी त्यांची पन्नास रुपये पगारावर नेमणूक झाली. तेव्हापासून लोक त्यांना मास्तर रामचंद्र म्हणू लागले, आणि तेच नाव कायम राहिले.

त्या कॉलेजची एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. अन्यत्र नवी विद्या बहुधा इंग्रजीतून दिली जात असता तेथे ती उर्दूतून देण्याचा मोठा उद्योग चालला होता. त्यासाठी भाषांतराची मंडळी स्थापन झाली होती, आणि बीजगणित, त्रिकोणमिती येथपासून कलनशास्त्रापर्यंतचे ग्रंथ उर्दूत उतरविण्याचे काम रामचंद्रांकडे आले. नवे शब्द घडवावयाचे, जुन्या अरबी व संस्कृत शब्दांतून योग्य ते निवडावयाचे, आणि सकाळी लिहिलेले प्रकरण त्याच दिवशी मुलांपुढे मांडून ते त्यांना कळते की नाही हे पाहावयाचे, असे ते काम असे. परिणाम असा झाला की, पृथ्वी विश्वाच्या मध्यभागी स्थिर उभी आहे असे सांगणाऱ्या जुन्या मतांना विद्यार्थी हसू लागले. शहरातील जुन्या वळणाच्या विद्वानांना हे रुचले नाही. परंतु मास्तर मागे हटले नाहीत. त्यांनी सन १८४५ मध्ये ‘फवायदुन्नाजिरीन’ नावाचे पाक्षिक, आणि दोन वर्षांनी ‘मुहिब्बे हिंद’ नावाचे मासिक काढून शास्त्र, इतिहास व समाजसुधारणा यांविषयीचे लेख सर्वसाधारण वाचकांपुढे ठेवले. आमच्या मुंबई इलाख्यात बाळशास्त्री जांभेकर यांनी सन १८३२ मध्ये ‘दर्पण’ व सन १८४० मध्ये ‘दिग्दर्शन’ काढून मराठीत जे कार्य आरंभिले, त्याच जातीचे हे कार्य होय. मास्तरांच्या हाताखाली जी मुले तयार झाली त्यांत मौलवी जकाउल्ला हे एक होते. त्यांनी पुढे उर्दूत गणिताची पुष्कळ पाठ्यपुस्तके लिहून गुरूचा कित्ता गिरविला.

आता रामचंद्रांच्या मुख्य कार्याकडे वळू. वर्गात शिकविताना त्यांना एक अडचण वारंवार जाणवे. एखादी राशी मोठ्यात मोठी केव्हा होते, किंवा लहानात लहान केव्हा होते, असे प्रश्न व्यवहारात पदोपदी येतात. त्यांना महत्तम-लघुतमाचे प्रश्न म्हणतात. युरोपात हे प्रश्न कलनशास्त्राने सोडवीत. परंतु त्या शास्त्राची भाषा विद्यार्थ्याला सर्वस्वी नवी, आणि त्यातील अत्यंत सूक्ष्म राशींची कल्पना पहिल्या दिवशी मनात ठसणे कठीण. रामचंद्रांनी स्वतःला विचारले की, साध्या बीजगणिताने, म्हणजे ज्या वर्गसमीकरणाची ओळख मुलाला आधीच आहे त्याच्याच बळावर, हे प्रश्न सोडविता येणार नाहीत काय? या एका प्रश्नाचा त्यांनी पिच्छा पुरविला आणि त्यातून त्यांचा ग्रंथ निघाला.

त्यांची रीत समजण्यास कठीण नाही. वाचकांनी पाटी-पेन्सिल घेऊन बसावे, म्हणजे तिचे मर्म त्यांच्या ध्यानात येईल.

पहिला प्रश्न असा घेऊ. २० या संख्येचे दोन भाग असे करावे की, त्यांचा गुणाकार मोठ्यात मोठा यावा. भूमिती जाणणारा मनुष्य काय करील? तो २० लांबीची रेघ काढील, तिच्यावर अर्धवर्तुळ काढील, आणि रेघेवर जेथे भाग पाडावयाचा तेथून वर्तुळापर्यंत सरळ उभी रेघ नेईल. त्या उभ्या रेघेचा वर्ग हा दोन्ही भागांच्या गुणाकाराबरोबर असतो, असा भूमितीचा सिद्धांत आहे. आता अर्धवर्तुळात सर्वांत उंच रेघ कोणती? अर्थात मध्यावरची, म्हणजे त्रिज्या. ती १०, आणि तिचा वर्ग १००. म्हणून संख्येचे दोन सारखे भाग करावे, आणि गुणाकार १०० च्या वर कधीही जाणार नाही. ही ग्रीक लोकांची वाट. ती डोळ्यांना दिसते, पण प्रत्येक नव्या प्रश्नाला नवी आकृती शोधावी लागते.

रामचंद्रांची वाट निराळी. समजा, एका धनगराजवळ ४० हात लांबीचे कुंपण आहे. एका बाजूला दगडी भिंत आयती आहे. उरलेल्या तीन बाजूंना कुंपण घालून मेंढ्यांसाठी काटकोनी वाडा करावयाचा आहे. तो मोठ्यात मोठा कसा होईल? रुंदी ५ हात धरली तर दोन्ही बाजूंना मिळून १० हात कुंपण गेले, उरले ३०; क्षेत्र १५० चौरस हात झाले. रुंदी ८ धरली तर लांबी २४ व क्षेत्र १९२. रुंदी १२ धरली तर लांबी १६ व क्षेत्र पुन्हा १९२. यावरून ८ आणि १२ यांच्या दरम्यान कोठेतरी ते महत्तम असावे, असा तर्क होतो. पण तर्क म्हणजे सिद्धता नव्हे.

म्हणून रुंदीला क्ष म्हणू, आणि जे क्षेत्र येईल त्याला र म्हणू. लांबी ही ४० वजा दोन क्ष इतकी झाली. तेव्हा क्ष गुणिले (४० वजा दोन क्ष) बरोबर र. हे समीकरण दोहोंनी भागून व पदे मांडून असे होते: क्षचा वर्ग, वजा २० क्ष, अधिक रचा अर्धा, बरोबर शून्य. वर्ग पुरा केला म्हणजे निघते की, (क्ष वजा १०) याचा वर्ग बरोबर १०० वजा रचा अर्धा. आता येथे क्षणभर थांबावे, कारण सगळे रहस्य येथेच आहे. डाव्या बाजूला एका संख्येचा वर्ग आहे. कोणत्याही खऱ्या संख्येचा वर्ग ऋण होत नाही. म्हणून उजवी बाजूही ऋण होता कामा नये; म्हणजे रचा अर्धा १०० पेक्षा अधिक असता कामा नये; म्हणजेच र हा २०० पेक्षा अधिक होऊच शकत नाही. आणि तो २०० केव्हा होतो? उजवी बाजू शून्य होईल तेव्हा, म्हणजे क्ष बरोबर १० असताना. रुंदी १० हात, लांबी २० हात, क्षेत्र २०० चौरस हात. याहून मोठा वाडा त्या कुंपणात जगातल्या कोणालाही करता येणार नाही.

हाच प्रश्न कलनशास्त्र कसे सोडविते तेही पाहावे. ते म्हणते की, टेकडीच्या माथ्यावर पोहोचताच चढ संपतो आणि उतार लागण्यापूर्वी जमीन क्षणभर सपाट असते. रुंदी थोडीशी वाढविली तर क्षेत्र त्या वाढीच्या (४० वजा चार क्ष) पट वाढते; उरते ते वाढीच्या वर्गाच्या दुप्पट इतके, आणि वाढ अत्यंत सूक्ष्म घेतली की ते नगण्य होते. माथ्यावर चढ शून्य, म्हणून ४० वजा चार क्ष बरोबर शून्य, आणि क्ष बरोबर १०. उत्तर एकच. परंतु या रीतीत नगण्य म्हणजे काय, ते का सोडावयाचे, हा प्रश्न चौकस मुलाच्या मनात राहतो. रामचंद्रांच्या रीतीत असे काही सोडावेच लागत नाही.

येथे कोणी म्हणेल की, वर्गसमीकरणापर्यंत हे ठीक; पुढे काय? तर एक कठीण उदाहरण घेऊ. १२ बोटे लांब व तितकाच रुंद असा पत्र्याचा चौरस तुकडा आहे. चारही कोपऱ्यांतून सारखे लहान चौरस कापून कडा वर दुमडल्या की उघडा डबा तयार होतो. किती बोटांचे चौरस कापले असता डब्यात सर्वांत अधिक धान्य मावेल? कापलेल्या चौरसाची बाजू क्ष धरली, तर डब्याचे घनफळ क्ष गुणिले (१२ वजा दोन क्ष) याचा वर्ग. यास र म्हणून चोहोंनी भागले, म्हणजे क्षचा घन, वजा क्षच्या वर्गाची १२ पट, अधिक ३६ क्ष, बरोबर रचा चतुर्थांश. हे घनसमीकरण झाले. त्याला वर्ग पुरा करण्याची युक्ती सरळ लागू होत नाही.

परंतु तेच तत्त्व येथेही चालते. घनसमीकरणाची मुळे तीन. त्यांतील सर्वांत मोठ्या मुळाला प असे नाव देऊन ते बाजूला काढावे. मागे वर्गसमीकरण उरते. भागाकार केला असता ते असे निघते: क्षचा वर्ग, वजा (१२ वजा प) क्ष, अधिक (प वजा ६) याचा वर्ग, बरोबर शून्य. याची मुळे खरी असावयाची तर (१२ वजा प) हे (प वजा ६) याच्या दुपटीहून कमी असता कामा नये. त्यावरून प हा ८ पेक्षा अधिक होऊ शकत नाही. आणि रचा चतुर्थांश म्हणजे प गुणिले (प वजा ६) याचा वर्ग. प ही ६ पासून ८ पर्यंत जसजशी वाढेल तसतसा र वाढतो. म्हणून प बरोबर ८ असताना र महत्तम होतो. ८ गुणिले २ चा वर्ग म्हणजे ३२, आणि त्याची चौपट १२८. तेव्हा वर्गसमीकरणाची दोन्ही मुळे एक होऊन क्ष बरोबर २ येतो. म्हणून दोन बोटांचे चौरस कापावे. डब्याचे घनफळ १२८ घनबोटे भरेल. पडताळा पाहावयाचा तर १ बोट कापल्यास १०० आणि ३ बोटे कापल्यास १०८ येतात. दोन मुळे एकमेकांजवळ येत येत जेथे एक होतात तेथेच शिखर असते, हे कलनशास्त्रही सांगते; पण ते येथे साध्या बीजगणिताच्या तोंडून वदविले आहे.

रामचंद्रांना या वाटेचे इतके अगत्य का वाटले? कारण बीजगणित हे आपल्या पूर्वजांचे धन आहे, याची त्यांना जाणीव होती. भास्कराचार्यांचा ‘बीजगणित’ हा ग्रंथ सन ११५० च्या सुमाराचा. आमच्या खानदेशात चाळीसगावाजवळ पाटण येथे भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिल्याचा सन १२०७ चा शिलालेख आहे. ही परंपरा पुढे क्षीण झाली. ज्या शिडीच्या खालच्या पायऱ्या आपल्याच घरच्या आहेत, तिच्यावरून आपला विद्यार्थी नव्या शास्त्राच्या माडीवर निर्भयपणे चढेल, अशी रामचंद्रांची आशा होती.

सन १८५० मध्ये त्यांनी आपला इंग्रजी ग्रंथ कलकत्त्यास स्वतःच्या खर्चाने छापविला. परंतु तेथील टीकाकारांनी त्याचे स्वागत केले नाही. जे काम कलनशास्त्र सुलभपणे करते ते बीजगणिताने करण्याचा खटाटोप कशाला, असाच त्यांचा सूर होता. पदरचा पैसा गेला आणि वर उपहास पदरी पडला. अशा वेळी गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलातील कायदेमंत्री ड्रिंकवॉटर बेथून यांच्या हाती ते पुस्तक आले. कलकत्त्यात मुलींची शाळा स्थापन करणारे ते हेच गृहस्थ. ते स्वतः केंब्रिजचे नामांकित गणिती होते. त्यांनी काही प्रती विकत घेतल्या आणि त्यांतील एक विलायतेस ऑगस्टस डी मॉर्गन यांजकडे पाठविली.

डी मॉर्गन हे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गणिताचे अध्यापक होते. त्यांचा जन्म सन १८०६ मध्ये आपल्याच देशात, मदुरा येथे झाला होता. त्यांनी ते पुस्तक वाचले आणि त्यांच्या ध्यानात आले की, हे केवळ विद्यार्थ्याचे टिपण नव्हे. ग्रीक भूमितीच्या वाटेने न जाता हिंदी बीजगणिताच्या वाटेने विचार करणारी ही एक स्वतंत्र बुद्धी आहे. बेथून सन १८५१ मध्ये वारले, तरी डी मॉर्गन यांनी हे प्रकरण सोडले नाही. त्यांनी कंपनी सरकारच्या संचालकांशी पत्रव्यवहार केला. अखेर सरकारने रामचंद्रांना दोन हजार रुपये व मानाची वस्त्रे देण्याचे ठरविले, आणि तो ग्रंथ डी मॉर्गन यांच्या प्रस्तावनेसह सन १८५९ मध्ये लंडन येथे पुन्हा प्रसिद्ध झाला. ज्या मनुष्याला त्यांनी कधी पाहिले नव्हते, त्याच्यासाठी त्या थोर पंडिताने अनेक वर्षे श्रम केले.

परंतु या दोन आवृत्त्यांच्या मधल्या नऊ वर्षांत रामचंद्रांच्या आयुष्यात फार मोठ्या घडामोडी झाल्या. तारुण्यात त्यांचा मूर्तिपूजेवरचा विश्वास उडाला होता, आणि कोणत्याच धर्मग्रंथाची गरज नाही, विवेकबुद्धी पुरे, असे त्यांचे मत बनले होते. शिकलेले इंग्रजही मनातून असेच समजत असावेत, अशी त्यांची कल्पना होती. एकदा ते कुतूहलाने दिल्लीच्या इंग्रजी देवळात गेले. ज्यांच्या विद्वत्तेबद्दल त्यांना आदर वाटे असे गृहस्थ तेथे गुडघे टेकून मनोभावे प्रार्थना करीत आहेत, हे पाहून ते चकित झाले. तेव्हापासून ते शुभवर्तमान वाचू लागले. जो मनुष्य गणितात सिद्धतेवाचून पाऊल टाकीत नसे, त्याने येथेही उतावळी केली नाही. वाचन, वाद आणि विचार यांत त्यांनी बराच काळ घालविला. अखेर ता. ११ जुलै १८५२ रोजी दिल्लीच्या सेंट जेम्स देवळात त्यांनी व सरकारी डॉक्टर चमनलाल यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे ते येसुदास रामचंद्र या नावानेही ओळखले जात. शहरात मोठी खळबळ उडाली. ज्यांच्याबरोबर आजवर पंगतीला बसले ते दूर झाले. तरीही वर्गातील त्यांचे शिकविणे पूर्वीसारखेच चालू राहिले.

पाच वर्षांनी, ता. ११ मे १८५७ रोजी, दिल्लीत बंडाचा वणवा पेटला. डॉक्टर चमनलाल त्याच दिवशी मारले गेले. कॉलेजचे प्रिन्सिपल टेलर यांचाही त्या धामधुमीत अंत झाला, आणि कॉलेजचा ग्रंथसंग्रह लुटला गेला. रामचंद्रांचा जीव कोणी वाचविला? त्यांच्या हिंदू राहिलेल्या भावांनी. धर्मांतरामुळे दुरावा आला असतानाही त्यांनी स्वतःचे प्राण धोक्यात घालून भावाला लपवून ठेवले. नंतर रामचंद्र शहराबाहेर निसटले, खेड्यात एका जमीनदाराच्या आश्रयाला राहिले, आणि पुढे मोठ्या हालअपेष्टा सोसून इंग्रजांच्या छावणीत पोहोचले. तेथे त्यांनी भाषांतराचे काम केले.

सप्टेंबरात दिल्ली पुन्हा इंग्रजांच्या हाती आली. आता तरी संकट संपले असे त्यांना वाटले असेल. पण तसे झाले नाही. सूडाने पेटलेल्या लष्करी अंमलदारांना प्रत्येक काळ्या कातडीच्या मनुष्यात बंडखोर दिसत होता. रामचंद्रांनी आपण सरकारी नोकर व ख्रिस्ती असल्याचे सांगितले असतानाही एका अंमलदाराने त्यांच्या मस्तकावर काठीचा प्रहार केला. त्या वर्षाच्या अखेरीस त्यांनी शहराच्या लष्करी अधिकाऱ्याला पत्र लिहून याबद्दल स्पष्ट तक्रार केली. बंडवाल्यांच्या हातून मरण आले असते तर ते विश्वासासाठी आले असे समाधान तरी होते. परंतु ख्रिस्ती म्हणविणाऱ्यांकडूनच, केवळ आपला जन्म विलायतेत झाला नाही आणि वर्ण गोरा नाही म्हणून जीव धोक्यात यावा, यात समाधानाला जागा कोठे, असा त्या पत्राचा आशय होता. हे पत्र लिहिण्यास जे धैर्य लागले ते लहान नव्हे. त्या दिवसांत दिल्लीत एका शब्दावरून मनुष्य फासावर चढत असे. ज्यांच्या आश्रयाला ते होते त्यांच्याच तोंडावर त्यांनी हे सांगितले, आणि तरीही ना आपला विश्वास सोडला, ना आपल्या देशबांधवांना शिकविण्याचे काम सोडले.

सन १८५८ च्या आरंभी ते रुडकी येथील टॉमसन इंजिनियरिंग कॉलेजात अध्यापक झाले, आणि त्याच वर्षी दिल्लीच्या जिल्हा शाळेचे हेडमास्तर म्हणून परत आले. उद्ध्वस्त शहरात, जुने कॉलेज बंद पडलेले असताना, त्यांनी पुन्हा फळा व खडू हाती घेतला. सन १८६० नंतर त्यांचा दुसरा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात कलनशास्त्राची मूलतत्त्वे स्थिर गुणोत्तरांच्या आधारे मांडण्याचा त्यांनी प्रयत्न केला. प्रकृती ढासळल्यामुळे सन १८६६ मध्ये त्यांनी सरकारी नोकरीतून निवृत्ती घेतली. पुढे ते पतियाळाचे महाराज महेंद्रसिंग यांचे शिक्षक झाले, आणि त्या संस्थानाच्या विद्याखात्याचा कारभारही त्यांच्याकडे आला. ता. ११ ऑगस्ट १८८० रोजी दिल्ली येथे त्यांचे देहावसान झाले.

त्यांच्या रीतीने कलनशास्त्राची जागा घेतली काय? नाही. समीकरण जसजसे वरच्या घाताचे होत जाते तसतशी बीजगणिताची वाट बिकट होते, आणि जेथे समीकरण बीजगणिताच्या कक्षेबाहेरचे असते तेथे ती खुंटते. कलनशास्त्र मात्र तसेच पुढे जाते. आज कॉलेजांत त्यांचे पुस्तक कोणी लावीत नाही. म्हणून त्यांचे श्रम व्यर्थ गेले असे म्हणावयाचे काय? तसेही नाही. वर्ग ऋण होऊ शकत नाही, या एका सत्यातून महत्तम काढण्याची युक्ती आजही शाळेतल्या मुलांना शिकविली जाते, आणि ज्याने ती मनःपूर्वक जाणली त्याला पुढचे कलनशास्त्र परके वाटत नाही. रामचंद्रांना हवे होते ते एवढेच.

गावच्या शाळामास्तरांनी वर दिलेली उदाहरणे फळ्यावर अवश्य सोडवून दाखवावी. कुंपण ४० हातांऐवजी ६० हात घेतले तर वाडा किती मोठा होईल, पत्रा १२ बोटांऐवजी १८ बोटांचा असला तर किती कापावे, हे मुलांना स्वतः काढू द्यावे. पहिल्याचे उत्तर ४५० चौरस हात, आणि दुसऱ्याचे ३ बोटे असे यावयास हवे. एखादे मूल आकडे घालून पाहील, एखादे आकृती काढील, एखादे समीकरण मांडील; कोणालाही तुच्छ लेखू नये. मग त्यांना सांगावे की, ही वाट दिल्लीच्या एका पोरक्या मुलाने, कारकुनी करीत घरी बसून अभ्यास करणाऱ्या एका मास्तराने, आपल्याकरिता पाडून ठेवली आहे.